अणुवीज केंद्रांतील राखीव वीजव्यवस्था: बिघाड, चाचण्या आणि नियमपालन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जे केंद्र स्वतःच वीज तयार करते, त्याला राखीव वीज कशासाठी लागते?

अणुभट्टी बंद होणे आणि ती थंड होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियंत्रक दांडे आत गेले की विखंडनाची साखळी काही सेकंदांत तुटते. परंतु तोवर इंधनात साठलेली किरणोत्सारी मूलद्रव्ये क्षय पावत राहतात आणि त्यांतून उष्णता निघतच राहते. ३,००० मेगावॅट औष्णिक क्षमतेची भट्टी घेतली, तर बंद झाल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा ते सात टक्के, म्हणजे सुमारे २०० मेगावॅट असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवस उलटल्यावरही अर्धा टक्का, म्हणजे १५ मेगावॅटच्या घरात उरते. ती वाहून नेण्यासाठी पंप फिरावे लागतात, झडपा उघडाव्या-मिटाव्या लागतात आणि आत काय चालले आहे हे नियंत्रण कक्षातील माणसांना दिसावे लागते. भट्टी थांबली की केंद्राचे स्वतःचे जनित्रही थांबते. ज्या वादळाने किंवा भूकंपाने भट्टी बंद करायला लावली, त्यानेच बाहेरून येणाऱ्या वीजवाहिन्याही पाडलेल्या असू शकतात. त्यामुळे विजेची निकड सर्वाधिक असते त्याच घटकेला ती बाहेरून मिळण्याची शाश्वती सर्वांत कमी असते.

राखीव व्यवस्थेत नेमके काय काय येते?

लोकांच्या डोळ्यांसमोर डिझेल जनरेटर येतो, पण तो या व्यवस्थेचा एक भाग झाला. भारतातील जड पाण्याच्या अणुवीज केंद्रांत वापरली जाणारी चार वर्गांची विभागणी समजायला सोपी आहे. वर्ग ४ म्हणजे ग्रिडची किंवा केंद्राच्या मुख्य जनित्राची वीज. वर्ग ३ वरील यंत्रांना थोडा वेळ खंड चालतो, म्हणून त्यांना डिझेल जनरेटरांचा आधार असतो. वर्ग २ म्हणजे इन्व्हर्टरमधून मिळणारी अखंड एसी वीज आणि वर्ग १ म्हणजे बॅटरीवर चालणारी डीसी वीज. अन्यत्र नावे वेगळी असतात, रचना मात्र साधारण हीच असते. या सगळ्यांना जोडणारे स्विचगिअर (वीज वाटणारी कपाटे), ब्रेकर (वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच), रिले (बिघाड ओळखून संकेत देणारी उपकरणे), केबल, डिझेलच्या टाक्या, थंड पाण्याचे पंप आणि खोल्यांतील हवा खेळती ठेवणारे पंखे हेही राखीव व्यवस्थेतच मोजावे लागतात, कारण यांतील कोणतीही एक वस्तू अडली तरी शेवटच्या पंपापर्यंत वीज पोहोचत नाही.

बिघाड बहुधा कुठे होतो? इंजिनच बंद पडते का?

इंजिनेही बिघडतात, परंतु घटनांचे अहवाल वाचू लागले की वारंवार भेटतात त्या आजूबाजूच्या किरकोळ भासणाऱ्या वस्तू. जनरेटर सुरू होतानाचे पहिले दहा सेकंद जवळून पाहिले तर यामागचे कारण समजते.

ग्रिडचे व्होल्टेज कोसळल्याचे रिलेच्या लक्षात येते. विजेच्या संकेतावर चालणारी सोलेनॉइड झडप उघडते आणि टाकीत साठवलेली, बहुतेक ठिकाणी सुमारे ३० बार दाबाची हवा इंजिनाला फिरवू लागते. इंजिन पेट घेते, वेग सांभाळणारा गव्हर्नर इंधन वाढवतो. ठरावीक वेग आला की बॅटरीतून जनित्राच्या फील्डला, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्याला, करंट मिळतो आणि व्होल्टेज उभे राहते. वेग आणि व्होल्टेज योग्य असल्याची खूण मिळताच ब्रेकर लागतो. त्यानंतर पंप एकेक करून, काही सेकंदांच्या अंतराने जोडले जातात. सगळ्या मोटारी एकदम लावल्या तर त्यांच्या सुरुवातीच्या करंटने व्होल्टेज पुन्हा बसेल. मोठ्या केंद्रांतील जनरेटर साधारण दहा सेकंदांत भार घ्यायला तयार व्हावा, अशी अपेक्षा असते. त्यासाठी इंजिनातले पाणी आणि ल्यूब ऑइल बाराही महिने कोमट ठेवले जाते.

या साखळीत सोलेनॉइड अडकू शकते, हवेच्या टाकीत पाणी साचून झडप गंजू शकते, वेग मोजणारा संवेदक चुकीचा आकडा दाखवू शकतो, रिलेच्या टोकांवर काजळी धरू शकते, ब्रेकरच्या यंत्रणेतले ग्रीस वर्षानुवर्षे वाळून घट्ट होऊ शकते. इंधनाची तऱ्हा आणखी वेगळी. टाकीच्या तळाशी पाणी साचते, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ आयत्या वेळी फिल्टर चोंदवतो. बायोडिझेल मिसळलेले इंधन पाणी अधिक धरून ठेवते, म्हणून दीर्घ साठवणुकीसाठी ते जोखमीचे मानतात. यातले बरेचसे दोष यंत्र उभे असताना दिसत नाहीत. रोज चालणाऱ्या पंपाचा बेअरिंग खराब झाला तर तो आवाज करून सांगतो. राखीव यंत्र मात्र वर्षभर गप्प उभे असते आणि त्यातला दोषही त्याच्याबरोबर गप्प राहतो.

बॅटरीकडे एवढे लक्ष का दिले जाते?

कारण तिच्यावाचून डिझेलही सुरू होत नाही. जनित्राच्या फील्डला सुरुवातीचा करंट, ब्रेकर लावणारी कॉइल, रिले, नियंत्रण कक्षातील मापके हे सारे डीसीवर असते. सर्व एसी वीज गेल्यावर काही तास केंद्राचे डोळे उघडे ठेवण्याचे काम बॅटरीच करते. जपानमधील फुकुशिमा दाईची येथे ११ मार्च २०११ रोजी १, २ आणि ४ क्रमांकाच्या युनिटांत एसीबरोबर डीसीही गेली. भट्टीतील पाण्याची पातळी वाचण्यासाठी कर्मचाऱ्यांना मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून मापकांना जोडाव्या लागल्या.

बॅटरी-खोलीत उभे राहिले तर दिसते ती शिसे-आम्ल सेलची रांग. १२५ व्होल्टच्या संचात सुमारे ६० सेल असतात. प्रत्येक सेलचे पारदर्शक भांडे, त्यावर पातळीच्या दोन रेषा, तळाशी साचत जाणारी करडी गाळवण आणि सेलांना जोडणाऱ्या पट्ट्या. तंत्रज्ञ प्रत्येक सेलचे व्होल्टेज आणि आम्लाची घनता मोजतो, पण अनुभवी माणसाची नजर आधी जाते ती धन टोकाजवळ धरलेल्या हिरवट-पांढऱ्या क्षारांकडे आणि बोल्टांच्या कशीकडे. नुसत्या चार्जिंगवर असताना सैल जोड व्यवस्थित व्होल्टेज दाखवतो. शेकडो अँपिअरचा भार आला की त्याच जागी उष्णता होऊन संच तुटतो. म्हणूनच व्होल्टेज ठीक असणे हा बॅटरी ठीक असल्याचा पुरावा मानत नाहीत. ठरावीक वर्षांनी तिला प्रत्यक्ष भारावर रिकामी करून क्षमता मोजतात आणि ती मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की संच बदलतात. खोलीचे तापमानही नोंदले जाते, कारण २५ अंश सेल्सिअसच्या वर साधारण दहा अंशांनी वाढ झाली तर बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते. चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्क्यांपर्यंत पोहोचला तर पेट घेऊ शकतो, त्यामुळे त्या खोलीतला साधा पंखादेखील तपासणीच्या यादीत असतो.

दोन-तीन किंवा चार जनरेटर असतात, मग सगळे एकाच वेळी कसे निकामी होतात?

कागदावरचे गणित फार आश्वासक असते. अमेरिकेत १९८८ मध्ये संपूर्ण अंधाराच्या प्रसंगाविषयी, म्हणजे स्टेशन ब्लॅकआउटविषयी, नियम झाला. त्यासोबतच्या मार्गदर्शनात जनरेटरच्या विश्वासार्हतेची लक्ष्ये ०.९५ आणि ०.९७५ अशी ठेवली होती. वीसांतून एकदा चुकणारे दोन जनरेटर एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकत्र चुकण्याची शक्यता चारशेत एक होते. सगळी गोम ‘खरोखर स्वतंत्र’ या दोन शब्दांत आहे. दोन्हींत एकाच टँकरचे डिझेल भरले असेल, दोन्हींची देखभाल त्याच माणसाने त्याच चुकीच्या पुस्तिकेवरून केली असेल किंवा दोन्हींचे संरक्षण एकाच मूल्यावर लावलेले असेल, तर चारशेचे पुन्हा वीस व्हायला वेळ लागत नाही.

स्वीडनमधील फोर्समार्क केंद्राच्या १ क्रमांकाच्या भट्टीत २५ जुलै २००६ रोजी नेमके हे दिसले. बाहेरील ४०० किलोव्होल्ट यार्डात, म्हणजे केंद्र ग्रिडला जोडले जाते त्या उघड्या जागेत, काम चालू असताना शॉर्टसर्किट झाले, भट्टी ग्रिडपासून सुटली आणि केंद्राच्या आतील व्होल्टेज क्षणभर उसळले. चार स्वतंत्र विभागांपैकी दोन विभागांतील अखंड वीजपुरवठ्याची यंत्रे त्या उसळीने बंद पडली. चारही डिझेल इंजिने सुरू झाली. तरीही दोन जनरेटरांचे ब्रेकर लागेनात, कारण इंजिनाचा वेग मोजणाऱ्या उपकरणाला वीज मिळत होती ती त्याच बंद पडलेल्या यंत्रांकडून. इंजिन धडधडत होते आणि ते फिरत असल्याचे कोणाला कळत नव्हते. नियंत्रण कक्षातील काही मापकेही अंधारात गेली. सुमारे २२ मिनिटांनी कर्मचाऱ्यांनी हाताने जोडणी करून वीज परत आणली. उरलेले दोन विभाग वाचले. पण यंत्रे चारही ठिकाणी त्याच प्रकारची होती, हा या घटनेतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे.

फुकुशिमात समान कारण पाण्याचे होते. तेथील १३ आपत्कालीन जनरेटरांपैकी त्सुनामीनंतर चालू राहिला तो एकच, युनिट ६ चा हवेने थंड होणारा जनरेटर, आणि त्यानेच युनिट ५ व ६ तारले. युनिट २ आणि ४ यांचेही हवेने थंड होणारे एकेक जनरेटर स्वतः पाण्याखाली गेले नव्हते. परंतु त्यांची वीज ज्या स्विचगिअरमधून जायची ते तळघरात बुडाले होते.

आगीचा या विषयाशी काय संबंध?

निकटचा. अमेरिकेतील ब्राउन्स फेरी येथे २२ मार्च १९७५ रोजी भिंतीतील केबलमार्गातून हवा गळते का हे मेणबत्तीच्या ज्योतीने तपासत असताना तो मार्ग बुजवणाऱ्या फोमने पेट घेतला आणि सुरक्षा यंत्रणांच्या शेकडो केबल जळाल्या. भारतात नरोरा येथे ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटले व आग केबलमार्गांतून पसरत गेली. डिझेल जनरेटर जागेवर होते, पण वीज नेणाऱ्या केबलच राहिल्या नाहीत. सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालणाऱ्या अग्निशमन पंपांचे पाणी वाफजनित्रांना देऊन उष्णता काढली गेली. राखीव संचांच्या केबल वेगवेगळ्या मार्गांनी आणि अग्निरोधक भिंतींआडून नेण्याचा आग्रह अशा घटनांतून आला आहे.

बाहेरची वीज पूर्ण न जाता अर्धवट गेली तर राखीव यंत्रणा सुरू होते का?

व्हायला हवी, पण पूर्वी अनेक ठिकाणी होत नसे. अमेरिकेतील बायरन केंद्राच्या २ क्रमांकाच्या युनिटात ३० जानेवारी २०१२ रोजी यार्डातील विद्युतरोधक तुटून तीनपैकी एक फेज सुटला. भट्टी आपोआप बंद झाली, पण जनरेटर सुरू झाले नाहीत. व्होल्टेज घसरल्याचे ठरवायला दोन रिलेंची सहमती लागत होती आणि सुटलेल्या फेजचा परिणाम एकालाच दिसत होता. दरम्यान असमतोल विजेवर चालणाऱ्या मोटारी एकेक करून स्वतःच्या संरक्षणाने बंद होत गेल्या. सुमारे आठ मिनिटांनी कर्मचाऱ्यांनी बिघाड ओळखला, बाहेरची वीज हाताने तोडली आणि मग डिझेलने भार घेतला. त्याच वर्षी अमेरिकी नियामक आयोगाने सर्व केंद्रांकडून या दोषाविषयी खुलासा मागवला. ही त्रुटी संकल्पनेतच होती, त्यामुळे नेहमीच्या मासिक चाचण्या कितीही वेळा घेतल्या असत्या तरी ती सापडली नसती.

चाचण्या किती वेळा होतात? त्यांतून यंत्राची झीज होत नाही का?

बहुतेक ठिकाणी महिन्याला एकदा जनरेटर सुरू करून काही वेळ भारावर चालवतात आणि इंधन भरण्याच्या थांब्यात, म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा, मोठी चाचणी घेतात. तीत ग्रिड गेल्याचा संकेत देऊन पूर्ण साखळी तपासली जाते आणि जनरेटर २४ तासांपर्यंत चालवला जातो. झीज होतेच. पूर्वी थंड इंजिनाला वारंवार दहा सेकंदांत पूर्ण वेगावर नेण्याचा परिपाठ होता, तो बेअरिंगांना मारक ठरत असल्याने आता नेहमीच्या चाचणीत सावकाश सुरुवात करण्यास मुभा देतात. उलट टोकाची चूक म्हणजे कमी भारावर चालवून चाचणी उरकणे. त्यात न जळलेले इंधन धुराड्यात साचते आणि पुढे पूर्ण भार घेताना त्रास देते. चाचणी संपल्यावर एखादा स्विच ‘स्वयंचलित’वर परत न ठेवणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत लाजिरवाणा बिघाड. त्यासाठी दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे खात्री करण्याची पद्धत ठेवलेली असते.

यंत्र चाचणीत उत्तीर्ण होते, तरी ‘नियमभंग’ नोंदला जातो. हा निव्वळ कागदी घोळ नाही का?

अणुसुरक्षेच्या नियमांत यंत्र चालणे पुरेसे नसते. ज्या परिस्थितीसाठी ते ठेवले आहे त्या परिस्थितीत ते चालेल हे दाखवता आले पाहिजे. फ्रान्समध्ये जून २०१७ मध्ये १,३०० मेगावॅट गटातील २० भट्ट्यांच्या बाबतीत असा दोष जाहीर झाला. डिझेल जनरेटर रोजच्या परीक्षेत चालत होते, परंतु त्यांच्या साहाय्यक यंत्रणांचे इमारतीतील आधार मोठ्या भूकंपात टिकतील याची खात्री देता येत नव्हती. भूकंपाने ग्रिड आणि जनरेटर दोन्ही एकदम जाण्याची ही शक्यता असल्याने घटना आयएनईएस या अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनावर २ या पातळीची ठरली. काँक्रीटमध्ये बसवलेल्या काही बोल्टांवर २० भट्ट्यांची राखीव वीज अवलंबून असू शकते, हे कोणत्याही मासिक चाचणीच्या नोंदीत उतरत नाही.

कागदपत्रांचे महत्त्व दक्षिण कोरियात अधिक कटूपणे दिसले. बनावट गुणवत्ता प्रमाणपत्रांसह सुटे भाग पुरवले गेल्याचे उघड झाल्यावर नोव्हेंबर २०१२ मध्ये योंगग्वांग येथील दोन भट्ट्या थांबवाव्या लागल्या आणि २०१३ मध्ये नियंत्रण केबलांच्या चाचणी अहवालांत फेरफार झाल्याचे निघाले. अपघाताच्या वेळच्या उष्णतेत आणि वाफेत केबल टिकेल का, हे बसवलेल्या केबलकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. तिथे प्रमाणपत्र हाच यंत्राचा भाग असतो.

एखादा जनरेटर नादुरुस्त असेल तर भट्टी लगेच बंद करतात का?

लगेच नाही. परवान्यासोबतच्या तांत्रिक अटींत दुरुस्तीसाठी मुदत असते. अमेरिकेतील प्रमाणित अटींत एका जनरेटरसाठी ती मूळची ७२ तास आहे. पर्यायी स्रोत दाखवणाऱ्या काही केंद्रांना ती १४ दिवसांपर्यंत वाढवून मिळाली आहे. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भट्टी थंड बंद अवस्थेत, म्हणजे थांबवून शीतक पाणी उकळबिंदूखाली आणलेल्या स्थितीत, न्यावी लागते. या काळात दुसऱ्या जनरेटरवर किंवा यार्डात कोणतेही जोखमीचे काम काढायचे नसते.

भट्टी बंद असताना तरी ही काळजी कमी होते ना?

कमी होते, संपत नाही; आणि बंदच्या काळातच एकेक यंत्र देखभालीसाठी खोललेले असते. अमेरिकेतील वोग्टल येथे २० मार्च १९९० रोजी यार्डात मागे येणाऱ्या ट्रकची धडक बसून वाहिनीचा आधार पडला आणि बाहेरची वीज गेली. एक जनरेटर देखभालीत होता, दुसरा सुरू होऊन बंद पडला. वीज यायला ३६ मिनिटे लागली, तोवर शीतक पाणी सुमारे ३२ अंशांवरून ५८ अंशांवर गेले. दक्षिण कोरियातील कोरी १ मध्ये ९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंधन भरण्याच्या थांब्यात १२ मिनिटे संपूर्ण अंधार झाला. बाहेरची वीज चाचणीतल्या चुकीने गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही. ही गोष्ट नियामकापासून महिनाभर लपवली गेली. आमच्या मते त्या १२ मिनिटांपेक्षा तो महिना अधिक गंभीर आहे, कारण न सुरू होणारा जनरेटर तेवढा काळ कोणाच्याही हिशेबात नव्हता.

२०११ नंतर काय बदलले?

जोडणीच्या जागा आधीच तयार ठेवून फिरते जनरेटर आणि पंप दूर व उंचावर ठेवण्याची पद्धत बहुतेक देशांनी स्वीकारली. अमेरिकेत मेम्फिस आणि फिनिक्स येथे सामाईक सामग्रीची दोन केंद्रे उभी राहिली. फ्रान्सने ५६ भट्ट्यांसाठी प्रत्येकी एक जादा, स्वतंत्र इमारतीतील अंतिम डिझेल जनरेटर बसवण्याचे ठरवले. त्याची २०१८ अखेरची मुदत मात्र पाळता आली नाही.

डिझेलवर केंद्र किती दिवस तग धरू शकते?

साठा बहुधा सात दिवसांच्या आसपासचा धरतात आणि पुढे टँकर पोहोचतील असे गृहीत असते. युक्रेनमधील झापोरिझिया केंद्राने हे गृहीतक ताणून पाहिले. २०२२ पासून तेथील बाहेरची वीज अनेकदा गेली आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते सुमारे चार आठवडे जनरेटरांवर होते. सहाही भट्ट्या बऱ्याच काळापासून बंद असल्याने उष्णता कमी होती, म्हणून थोडेच जनरेटर आळीपाळीने चालवून भागले.

नव्या रचनांना डिझेलची गरज नाही, हे खरे आहे का?

काहींच्या बाबतीत बरेचसे खरे आहे. एपी-१००० या रचनेत गुरुत्वाकर्षण आणि नैसर्गिक प्रवाह यांच्या बळावर ७२ तास एसी विजेवाचून थंडावा राखला जातो. झडपा उघडायला आणि मापके जिवंत ठेवायला बॅटरी तिथेही लागते.

अशा बिघाडाची बातमी वाचताना नेमके काय पाहावे?

आयएनईएसची पातळी २ म्हणजे किरणोत्सर्ग बाहेर पडला असे समजू नये. शून्य ते सात या मापनावर संरक्षणाचा एखादा थर कमकुवत झाल्याबद्दलही ती दिली जाते. दोष एका यंत्रात होता की त्या प्रकारच्या सर्व यंत्रांत, हे आधी शोधावे. तो चाचणीत सापडला, तपासनिसाला सापडला की खऱ्या प्रसंगी उघड झाला, हे त्यानंतर पाहावे. शेवटी पाहायची ती तारीख. बिघाड अमुक दिवशी ‘आढळला’ असे लिहिलेले असते. पण यंत्र नापास होते तो काळ त्याआधीच्या शेवटच्या यशस्वी चाचणीनंतर कधीही सुरू झालेला असू शकतो आणि दोष मुळातल्या जोडणीतला असेल तर तो केंद्र सुरू झाल्याच्या दिवसापर्यंत मागे जातो.